कागद कुठे अडतो

सोमवार, ३ फेब्रुवारी १९६४

नऊ ठोकळे भंगारात! एकाच दिवशी. बारा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

सगळ्यांच्या खाचा तीन-चार थाऊ खोल गेल्या. इंचाचे तीन-चार हजारावे भाग, म्हणजे डोक्याच्या केसाएवढा फरक. पण त्या खाचेत बसणारी पट्टी आता खुळखुळते. काशिराम फोरमननं नऊही ठोकळे माझ्या मिलिंग मशीनवर ओळीनं मांडले आणि निघून गेला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मशीन सगळं तपासलं. तिची चूक नाही. माझी आहे.

प्रत्येक कटरची लांबी वेगळी. कटर बदलला की त्याचं टोक कुठे आलं ते नव्यानं बघावं लागतं. मी ठोकळ्यावर सिगारेटचा कागद ठेवतो, डाव्या चिमटीत धरून हलवत राहतो आणि उजव्या हातानं हँडल फिरवून मशीनचं टेबल वर उचलतो. कटर टेकला की कागद अडतो. तिथे डायल शून्यावर आणायची, कागदाची जाडी धरायची — झालं! हजार वेळा केलेलं काम. डोळे मिटून करतो. कारखान्यात कमळाकरसारखा कटर कुणी लावत नाही, असं काशिरामच चारचौघांत माझ्याबद्दल सांगतो.

आज कागद अडलाच नाही. म्हणजे अडला असणार, मला कळलं नाही. फाटला तेव्हा पाहिलं तर कटर टेकून पुढे गेलेला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

हात उलटे केले. कागद उजव्यात, हँडल डाव्यात. माप बरोबर आलं, पण वेळ दुप्पट. शेजारच्या लेथवरचा जगन बघत होता. मनगट लचकलंय म्हणून सांगितलं.

दुपारी काशिराम एक कॅटलॉग घेऊन आला. मुंबईच्या प्रदर्शनातून आणलेलं. परदेशात म्हणे भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर मशीन आपोआप चालते! पण कटरची लांबी तिलाही माणसानंच सांगावी लागते, म्हणाला. आपल्याकडे आली तर तुझ्याच हातात देणार. मी हसलो. कसा हसलो देव जाणे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

पोलादाचा तापलेला कीस उडून डाव्या अंगठ्याला चिकटला. मी काम करतच होतो. जगननं धावत येऊन हात ओढला.

"बोट भाजतंय तुजं! कळत नाय काय तुला?"

कातडी जळल्याचा वास त्याला आला. मलाही आधी वासच आला, मग दिसलं. दुखलं नाही. अजून दुखत नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

वेणू आमच्या चिंगीला घेऊन विहिरीवर गेली तेव्हा अंगणात उन्हाला बसून हात नीट पाहिला. कोपराच्या खाली फिकट चट्टा. सुई टोचली. चट्ट्याबाहेर टोचते, आत नाही. तीनदा केलं.

शब्द लिहून टाकतो. इथं कोण वाचणार आहे? महारोग.

आमच्या गावात चांगोबाला झाला होता. मिठागराच्या पलीकडे त्याला झोपडी घालून दिली. त्याची बायको भाकरी बांधावर ठेवायची आणि लांबून हाक मारायची. पुढे तिनं येणं बंद केलं. आम्ही पोरं त्याला दगड मारायचो. मीही मारलेत.

वेणू आली तशी बाही खाली ओढली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

ताट वेगळं घेतलं. टॉवेल वेगळा. अंथरूण ओटीवर आणलं, आत उकडतं म्हणून. फेब्रुवारीत! वेणूनं उशी आणून दिली. तिला वाटतंय मी रागावलोय. चिंगी मांडीवर चढायला आली, तिला खाली उतरवलं. पुन्हा आली, पुन्हा उतरवलं. मग ती भोकाड पसरून रडली आणि मी तसाच बसून राहिलो.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

अर्धी रजा टाकून दवाखान्यात गेलो. मागच्या गल्लीनं, डोक्याला मफलर गुंडाळून.

डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले. कापसाचा बोळा लावत होते, कुठे लागला ते मी सांगायचं. बराच वेळ काही लागलंच नाही. मी म्हटलं, लावा की आता. ते म्हणाले, लावतोच आहे.

तोच रोग आहे. पण गोळ्या आहेत, रोज घ्यायच्या, काही वर्षं. बोटं झडण्यापर्यंत जाणार नाही. कामही सोडायचं नाही, तापलेल्या वस्तूपासून मात्र जपायचं. चिमटीतली गेलेली जाणीव परत येईल याची खात्री नाही. हे सगळं त्यांनी माझा हात हातात धरून सांगितलं. हातमोजा न घालता. मला तिथेच रडू आलं.

मग म्हणाले, "घरातल्या सगळ्यांना तपासायला घेऊन या."

म्हणजे वेणूला सांगावं लागणार. सांगितलं की ती चिंगीला घेऊन चिरनेरला माहेरी जाईल. गोळ्या मिळतील, काम राहील, आणि घरी कुणी नसेल. तिला दोष कसा देऊ? तिच्या जागी मी असतो तर गेलो असतो. खरं तेच लिहितोय.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

तीनदा तोंड उघडलं. एकदा मीठ मागितलं, एकदा पाणी, एकदा काहीच नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सांगितलं. कामावरून आल्या आल्या, उभ्यानंच.

वेणूनं चुलीवरचा टोप उतरवला. दार लोटलं. माझ्याकडे पाठ केली, पदर काढला आणि चोळी खांद्यावरून खाली घेतली. पाठीवर तळव्याएवढा चट्टा. मी बोट लावलं, उजव्या हाताचं. तिला कळलं नाही.

"दोन वर्सं जाली," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "तुमी मना टाकाल, म्हनून बोलले नाय."