हवामानाचा रकाना

प्रिय उजैर,

तुझा मेसेज येऊन अकरा दिवस झाले. लग्नाच्या नोंदणीसाठी मार्चमधली कोणती तारीख चालेल, एवढंच तू विचारलं होतंस आणि मी उत्तर दिलं नाही. फोनवर सांगता आलं असतं, पण तू मध्येच काही चांगलं बोलशील आणि मी थांबेन. शिवाय पाकिटात एक कागद आहे, तो पोस्टानेच पाठवायला हवा. पत्र आधी वाच, कागद नंतर.

इकडची बातमी म्हणजे प्लांटच्या दर्शनी भिंतीवर कंपनीचा इतिहास नव्याने रंगवला आहे. आपण दोघं रुजू झालो त्या दिवशी पाहिला होता तोच. एका थंड देशातले दोन भाऊ, लोण्यासाठी लाकडी खोकी, मग कागदाची गिरणी, मग पुठ्ठा, मग एकतीस देश. शेवटच्या चौकोनात कोल्हापूर, आणि आता त्याच्या आधी तू बदलीवर गेलास ते पोलंड. कंपनीने हा कारखाना जुन्या मालकाकडून घेतला तेव्हा यंत्रं बदलली, पाटी बदलली. गोडाऊन आणि गोडाऊन सांभाळणारे तुझे अब्बा तेवढे जुने राहिले. चित्रात ते कुठे नाहीत. मी नीट पाहिलं.

मला पुठ्ठा त्यांनीच, सिकंदरचाचांनी शिकवला. प्रयोगशाळेत मी खोकं यंत्रात ठेवून चेपायचे आणि ते किती भाराला बसतं तो आकडा लिहायचे. चाचा दारात उभे राहून बघायचे. स्वतः ते खोक्याच्या कोपऱ्यावर अंगठा दाबत, मग खोकं नाकाशी धरत. "पुठ्ठा पाणी पितोय, पोरी. तुझं मशीन बसलंय एसीत, त्याला काय कळतंय?" आपलं घरी सांगायचं ठरलं तेव्हा शिवाजी पेठेत तुमच्या घरी मी पायातली चप्पल काढायला विसरले होते, इतकी घाबरले होते. गडमुडशिंगीत माझ्या बाबांना तर अजून काहीच माहीत नव्हतं. चाचा चाचींना म्हणाले, "माझी कायबी हरकत न्हाय. पण हिला आधी थप्पी लावायला शिकवतो, मग घरात घेऊया." तू एवढा हसलास की चहा शर्टावर सांडला.

त्यांनी शिकवलं. खोक्यावर खोकं कसं ठेवायचं, कोपऱ्यावर कोपरा कसा आणायचा, कारण भार कोपरेच पेलतात. मे महिन्यात आखातात जाणाऱ्या गुळाचं काम आलं. खोकी आपली, आणि गूळ भरून ठेवायचाही आपल्याच गोडाऊनमध्ये. तीस किलोचं एकेक खोकं. जागा कमी पडायला लागली.

एकोणीस जुलैला थप्पी कोसळली. मी पोचले तेव्हा चाचा खोक्यांखाली होते. सगळ्यात खालचं खोकं मी हाताने बाजूला केलं. पुठ्ठा ओल्या भाकरीसारखा लागला. तिसऱ्या दिवशी ते गेले. तू दफनाला पोचलास. आठवड्याने चौकशीचा अहवाल आला. भिंतीवरच्या सूचनेत पाच थर, प्रत्यक्षात आठ, चूक गोडाऊन सांभाळणाऱ्याची. तू तो गेटपाशी उभ्यानेच वाचलास, "अब्बा हट्टीच होते गं" म्हणालास आणि खाली सही केलीस. चाची मात्र अजून मानत नाहीत. मी दर शुक्रवारी जाते तेव्हा एकदा तरी विचारतात, "बेटा, पाचचा कागद होता म्हणं भिंतीवर. त्यांना वाचता येत हुतं की गं." मी भाजी निवडत राहते.

उजैर, एकोणीस जुलैला भिंतीवर आठचा कागद होता. तो माझा होता. मुख्यालयाच्या संगणकावरच्या तक्त्यात मी वजन, माप, कागदाचा प्रकार, ठेवण्याचे दिवस भरले आणि आठ थर आले. हवामानाचा रकाना मी भरलाच नव्हता. तो रिकामा सोडला की तक्ता मुख्यालयाच्या गावची कोरडी हवा धरतो. तिथे आठ थर उभे राहत असतील. चाचा कधी पाचच्या वर जात नसत. माझा कागद वाचून म्हणाले, "तू सही केलीस म्हंजे आठ," आणि आठ लावले. वीस तारखेला सकाळी मी त्या रकान्यात जुलैमधलं कोल्हापूर भरलं. पाच आले. बाकीच्या थप्प्यांजवळ माणसं काम करत होती, म्हणून मी घाईने नवा कागद लावला, हे खरं आहे. जुना काढून पर्समध्ये ठेवला, हेही खरं आहे. दुपारी चौकशीची माणसं आली. त्यांनी भिंतीवरचा पाच पाहिला, आदल्या दिवशीच्या फोटोतले आठ थर मोजले. मी शेजारी उभी होते. मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आज सकाळी हे सगळं लिहून प्लांटमध्ये आणि कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयात दिलं. पोस्टातून थेट चाचींकडे जाणार आहे. पाकिटात तो जुना कागद आहे. निरीक्षकांना प्रत दिली, मूळ कागद चाचांच्या मुलाकडे मिळेल असं लिहून दिलं. खाली माझी सही आहे आणि कडेला पेन्सिलने चाचांचं अक्षर: "पावसात आठ नको. पाच. सिकंदर." थप्पी कोसळण्याआधी नऊ दिवस त्यांनी ते लिहिलं होतं. मी त्याच दिवशी वाचलं होतं, पण यंत्राच्या आकड्यावर विश्वास ठेवून आठच कायम ठेवले होते. तुझे अब्बा हट्टी नव्हते. त्यांनी माझं ऐकलं. तू अहवालावर केलेली सही आता मागे घे. मार्चच्या तारखेचं तू पुन्हा विचारशील, अशी अपेक्षा मी ठेवणार नाही.

हा शब्द लिहायचा हक्क आज संपेपर्यंत तरी तुझीच,
संघप्रिया