समासातली पेन्सिल

मंगळवार, ९ सप्टेंबर

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, तीही. हे पत्र मुद्दाम दवाखान्याच्या पत्त्यावर, तुझ्या केसपेपरच्या खिडकीत पाठवतो आहे.

पुस्तक परत मिळालं. माणसं मुकाट्याने हुकूम का पाळतात, याचा लेखकाने चांगला वेध घेतला आहे. सातवं प्रकरण मात्र पाल्हाळिक. वीस वर्षं आपला रिवाज आहे: आधी मी वाचायचं, लाल शाईने रेघा मारायच्या, मग तू, समासात पेन्सिलीने. तिथून पुस्तक थेट माझ्या व्यासपीठावर. माझी टाळ्या घेणारी निम्मी वाक्यं तुझी आहेत, हे मी कधी जाहीर सांगितलं नाही.

या खेपेला समास कोरे आले. दोनशे ऐंशी पानांत एक अक्षर नाही.

कारण मला ठाऊक आहे. मागच्या पुस्तकात, घरातल्या सत्तेवरच्या प्रकरणाशेजारी तू लिहिलं होतंस: ‘जिन्यावरच्या बुटांच्या आवाजावरून तिला कळतं, आज बोलायचं की नाही.’ मी त्याखाली लाल रेघ मारली. बाजूला लिहिलं, ‘उत्तम. सभेत घ्यावं.’

जूनच्या सभेत घेतलं. समोर चारशे कामगार होते. मागून एक म्हातारा टर्नर उठला. “भाऊ, ती बाई आता कुठं आहे?”

“प्रश्न एका बाईचा नाही,” मी म्हणालो, “व्यवस्थेचा आहे!”

टाळ्या पडल्या. तो काही बसेना. “ते झालंच हो. पण ती बरी आहे ना?”

मी पुढच्या मुद्द्याकडे वळलो.

घरी हा किस्सा रंगवून सांगितला. तुझी वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. “जगाला विचारत फिरता, गप्प का बसलात म्हणून. बहिणीला विचारलंत, कुणाचे बूट?”

“अगं, ते उदाहरण आहे.”

“अहो वक्ते, उदाहरणं आकाशातून पडतात का?”

भाषण वर्तमानपत्रात छापून आलं, त्या वाक्यासकट. ते वर्तमानपत्र तुमच्याही घरी येतं. तुझ्या नवऱ्याने वाचलं असेल. स्वतःला ओळखलंही असेल. त्या संध्याकाळी तुमच्या घरात काय झालं, हा विचार मी अडीच महिने टाळला. त्या काळात अन्यायावरची चार पुस्तकं वाचून काढली.

शनिवारची सभा मी रद्द केली आहे. दुपारी एकला तुझी खिडकी बंद होते, तेव्हा आम्ही दोघं दवाखान्याच्या फाटकाशी उभे असू. पुढची खोली रिकामी केली आहे. माझी कपाटं आता व्हरांड्यात आहेत. यायचं की नाही, ते तू ठरव. नाही म्हणालीस तर मी समजूत घालत बसणार नाही.

तो तुला मारतो का?

इथे खोडाखोड करून पाच वेळा हेच वाक्य लिहिलं. याहून सभ्य वाक्य मला येतं, पण ते लिहायचं नाही.

ऐकायला येणारा,
दादा