बुंदीच्या मागे एकटी

सलीलदादा,

घरी कोणी दिसलं नाही म्हणून घाबरू नकोस. बुंदीला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात चालले आहे. वाहिदभाई ऑटो घेऊन दारात थांबलेत.

दुपारी तिला खाली पडलेली किल्ली उचलून माझ्या मांडीवर ठेवायला शिकवत होते. तेवढ्यात रस्त्यावर ट्रकचा टायर फुटला आणि ती बिथरून भुंकत फाटकाबाहेर पळाली. मी मागे निघाले, तर रॅम्पवर तुझी मोटरसायकल! ढकलून बाजूला पाडली. आरसा फुटलाय, काचा जपून उचल.

भानावर आले तेव्हा माझी व्हीलचेअर चौकात होती. वाहिदभाईंच्या ऑटोखाली बुंदी थरथरत बसलेली, पंजातून रक्त येत होतं. ते म्हणाले, "अनघाताई, तुमी एकल्याच कशा आल्या? सलीलभाऊ कुठी हायेत?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. अपघातानंतर मी एकटीने फाटक ओलांडलंच नव्हतं, दादा.

वरण-भात झाकून ठेवलाय, जेवून घे. पंजा बरा झाला की आम्ही दोघी रोज चौकापर्यंत जाणार. तू मागे येऊ नकोस.

अनघा