सुरो महिन्यातला निकाह

क्लातेन, जावा

आदरणीय मोठे काका,

बाबांच्या मातीला आलात आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "सांगितलं होतं, सुरो महिन्यात लग्न लावू नका. खाल्लं ना हिनं बापाला?"

काका, डॉक्टरांनी आधीच हात टेकले होते. महिना सरेपर्यंत थांबणं बाबांच्या हाती नव्हतं. मौलवी म्हणाले, "सुरो म्हणजे मुहर्रम, अल्लाचा पवित्र महिना, पोरी. अशुभ आपण ठरवला. धर्मात लग्नाला बंदी नाही."

नवरदेव सिगित बाबांच्या खाटेसमोर बसला, तेवढ्यात बाबांना धाप लागली. मौलवींनी घाई केली, पण बाबा दाराकडे बघत म्हणाले, "थांबा. माझा दादा येईल. रागावला असला तरी येईल."

सगळे थांबले. बाबांचे ओठ निळे पडले. शेवटी त्यांनी सिगितचा हात धरला आणि स्वतःच्या तोंडानं मला त्याच्या हाती सोपवलं. आवाज जराही अडखळला नाही. मग मला म्हणाले, "दादाचं जेवण झाकून ठेव."

हे पत्र मी पाठवणार नाही. मला पांढऱ्या पायाची म्हणा, मी सोसेन. बाबा तुमच्यासाठी थांबले होते, हे तुम्हाला सोसणार नाही.

तुमची पुतणी,
लारास