तिन्ही चिठ्ठ्यांवर मीच

गुरुवार, संध्याकाळ. मांजरीतला नवा फ्लॅट.

ऑफिसात आज प्रोजेक्ट चालवायच्या नव्या पद्धतीचं ट्रेनिंग झालं. सरावासाठी घरचं काम निवडायचं होतं, मी माझ्या नव्या फ्लॅटचा गृहप्रवेश घेतला. ठरवणार कोण, करणार कोण, राहणार कोण? एकेका चिठ्ठीवर एकेकाचं नाव लिहायचं. तिन्ही चिठ्ठ्यांवर माझंच नाव. ट्रेनर बाई म्हणाल्या, "अहो, निदान एक तरी दुसरं माणूस घाला." सगळे हसले. मीही हसलो. का हसलो?

नव्या घरात दूध उतू जाऊ द्यायचं, असं आईने नागपूरहून फोनवर बजावलं होतं. आल्याबरोबर ठेवलं. त्या चिठ्ठ्या काही डोक्यातून जाईनात. दूध वर आलं आणि सवयीने मी पटकन गॅस बंद केला.

"अरे, जाऊ दे ना उतू," एवढं म्हणायलाच दुसरं माणूस लागतं.