बिनसाखरेचे लाडू

पेडगाव
१२ जानेवारी २०२५

सौ. विहीणबाई चांगुणाबाई यांना कडूबाईचा स. न. वि. वि.

फोनच केला असता, पण माझा आवाज चढतो आणि लेक राजनंदिनी तुमच्या घरात नांदते. म्हणून लिहिते.

काल परभणीला यांच्या उजव्या पायाचा अंगठा काढला. रानात कापसाच्या पऱ्हाटीचा खुंट लागला होता, जखम एवढीशी. आठ वर्षं गोळ्यांवर साखर ताब्यात होती, ती निघाली चारशे बारा. डॉक्टरांनी विचारलं काय खाता, तर मी ऐटीत तुमच्या लाडवांचा डबा पुढे केला. दिवाळीच्या फराळासोबत तुम्हीच पाठवलात. वर छापलंय, शुगर फ्री, मधुमेहींसाठी. पुढं जावई योगीराज येतील तेव्हा दोन डबे आणत गेले. हे रोज चार लाडू खायचे, निर्धास्त. डॉक्टरांनी मागची बारीक अक्षरं वाचली. गूळ, खजूर, मध. म्हणाले, बाई, रक्ताला गूळ काय अन् साखर काय, एकच.

शेजारचं बोट वाचेल का, ते महिन्याभरात कळेल. तोवर डब्यावरचं ते नाव खोडा. तुम्ही खोडलं नाही तर मी खोडीन.

आपल्यात लोभ उरला नाही. उरलासुरला राजनंदिनीवर ठेवा.

कडूबाई


जिंतूर
२० जानेवारी २०२५

सौ. कडूबाई विहीणबाईंना चांगुणाबाईचा नमस्कार वि. वि.

व्याह्यांचं ऐकून वाईट वाटलं. पण माझ्या लाडवात साखरेचा कण सापडला तर मी धंदा सोडीन. गूळ औषधी असतो, हे आमच्या सासूबाईंनी नव्वद वर्षं जगून दाखवलं. नाचता येईना, अंगण वाकडं! पथ्य सांभाळायचं तुम्ही, आणि दोष माझ्या कढईला? लग्नात व्याह्यांनी तीनदा जिलेबी मागून घेतली, ती आम्ही पाहिली होती. बोललो नाही, एवढंच.

पुढच्या महिन्यात बचत गटांचं प्रदर्शन आहे. या, आणि माझ्या स्टॉलपुढची रांग डोळ्यांनी बघा.

राग सरला की लोभ करा. आम्हाला घाई नाही.

चांगुणाबाई


पेडगाव
२ फेब्रुवारी २०२५

विहीणबाईंना स. न. वि. वि.

आमंत्रण पोचलं. येते. आमच्या गावच्या धम्मशीला सिस्टर सोबत असतील, आणि एक टेबल आम्हीही मांडू. यांचं दुसरं बोटही गेलं. माझा राग सरायचा मुहूर्त तुम्ही काढू नका.

भेटीअंती लोभाचं बघू.

कडूबाई


जिंतूर
२४ फेब्रुवारी २०२५

कडूबाई,

नमस्कार लिहायला हात धजत नाही.

माझ्या स्टॉलला खेटून टेबल मांडलंत. वर पाटी, लाडवाआधी आणि लाडवानंतर, तपासणी फुकट. लाडू माझ्याकडून विकत घेतलेल्या अकरा जणांची बोटं सिस्टरांनी टोचली आणि दोन तासांनी पुन्हा टोचली. त्यातले किशनराव गुरुजी दीडशेवरून दोनशे नव्वदवर गेले. तो आकडा तुम्ही माइकवर वाचलात, दोनदा. लोक डबे परत करायला आले. राजनंदिनी माझ्या शेजारी मान खाली घालून उभी होती. तुम्ही तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मी पाहिलं.

मला तुमचं यंत्र खोटं पाडायचं होतं. म्हणून तसंच यंत्र मागवलं आणि आज सकाळी उपाशीपोटी स्वतःचं बोट टोचलं. तीनशे अठरा. दुसरं बोट टोचलं, तीनशे बावीस. तीन वर्षं प्रत्येक घाण्याचा लाडू मी चाखून बघते, दिवसाचे सहा-सात तरी होतात. वर्षभर तळपायाला मुंग्या येतात. कढईपुढं उभं राहून येत असतील असं म्हणत होते. परवा टाचेत काच शिरली, ती मला फरशीवरचं रक्त बघून कळली.

घरात कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते, कारण खोटा धीर तुम्ही देणार नाही.

चांगुणाबाई


पेडगाव
२८ फेब्रुवारी २०२५

सौ. विहीणबाईंना कडूबाईचा स. न. वि. वि.

तीनशे अठरा वाचलं आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? हे ओसरीवर कुबडी टेकवून उठत होते. त्यांना पत्र वाचून दाखवलं, वाटलं हेही हसतील. हे म्हणाले, टाचेला काय बांधलंय त्यांनी, विचार. मला तर ते सुचलंही नव्हतं. मग यांनी मला दोन दिवस चहासुद्धा मागितला नाही.

राजनंदिनीकडं मी मुद्दामच पाहिलं नाही. पाहिलं असतं तर माइक खाली ठेवावा लागला असता.

येत्या गुरुवारी यांच्या पट्टीची तारीख आहे. परभणीच्या एसटी स्टँडवर नऊ वाजता उभ्या राहा. काही खाऊन येऊ नका, अनवाणी तर मुळीच येऊ नका. डॉक्टरांना टाच दाखवा आणि काच कशी कळली ते सांगा. लाजलात तर मी सांगेन.

माझं मन साफ झालेलं नाही. यांची दोन बोटं मला रोज दिसतात, म्हणजे दिसत नाहीत. तेव्हा रस्त्यात माझ्याशी बोलू नका. यांच्याशी बोला, त्यांना चालतं. पण पायऱ्या चढताना माझा हात धरा. तुमचा तळपाय सांगणार नाही, पायरी कुठं संपली ते.

कडूबाई