मेन्यू कार्ड नसलेली खानावळ

प्रिय रणजीत,

गुरुवारी त्या जेवणानंतर आम्ही घरी पोहोचतो न पोहोचतो तोच तुझा मेसेज आला, 'आमच्या घरच्यांना किती स्टार?' मी अजून उत्तर दिलेलं नाही. कंपनीत तू डिस्पॅचच्या दाराशी दिसलास की मी क्वालिटीच्या खोलीत शिरते आणि उगाच मोजमापाचे गेज पुसत बसते. तुला वाटत असेल, हिला आपली माणसं पटली नाहीत. तसं काही नाही रे. फोनवर लिहायला घेते, दोन ओळी होतात, पुसून टाकते. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. साधा रजेचा अर्जसुद्धा मी पुन्हा पुन्हा वाचल्याशिवाय देत नाही. म्हणून आज कागद घेतला आणि सुरुवातीपासून लिहायचं ठरवलं.

सुरुवात म्हणजे हॉटेल. दोन्ही घरच्यांनी पहिल्यांदा भेटायचं ते बाहेर जेवायला, असं तुझ्या आबांनी सुचवलं तेव्हा मला आधी बरंच वाटलं. आमच्या दापोडीच्या दोन खोल्यांत सगळे मावले नसते आणि बोलणी होण्याआधी पुनावळ्याला तुमच्या घरी यायला बाबा तयार नव्हते. पण त्यांनी लगेच अट घातली की जेवण आपल्याकडून. मुलीकडचे आपण, तेव्हा यजमानही आपणच. झालं, माझी झोप उडाली. तू बिचारा उत्साहानं लिंक पाठवत होतास. वाकडचं एक, हायवेजवळची दोन, सगळी साडेचार स्टारच्या वरची. मी म्हणत होते, इथे आवाज फार, तिथे गाडी लावायला जागा नाही, तिसऱ्याच्या भाजीवर तेल तरंगतं. शेवटी तू विचारलंस, "मिनल, तू हॉटेल शोधतेयस की ऑडिट करतेयस?" मी हसले. मी दिलेली कारणं खोटी नव्हती, पण खरं कारण त्यांत नव्हतं.

माझ्या बाबांना वाचता येत नाही. तुला एव्हाना ते कळलं असावं, तरी ते मी माझ्या हातानं लिहायला हवं. सही तेवढी येते. ती मी शाळेत असताना त्यांना गिरवायला लावली होती, चुलीशेजारी पाटीवर. लातूरकडून इथे आल्यापासून बसची पाटी मी वाचायची, कारखान्याची नोटीस मी वाचायची, दवाखान्याची चिठ्ठी मी वाचायची. त्यांना त्याची लाज नाही, निदान माझ्यासमोर नाही. पण हॉटेलात चारचौघांत मेन्यू कार्ड पुढे आलं की ते खिसे चाचपतात आणि म्हणतात, "चष्मा घरीच ऱ्हायला बघा. तुमी सांगाल ते." चष्मा त्यांनी कधी घेतलेलाच नाही. एरवी हे चालून जातं. पण यजमान म्हटल्यावर कार्ड पहिलं त्यांच्याच हातात येणार, आणि समोर आपल्या लेकीचं सासर बसलेलं असणार. 'तुम्ही सांगाल ते' असं यजमानाला म्हणता येत नाही.

आणि गंमत म्हणजे हे सोडून बाकी सगळं त्या रिव्ह्यूंमध्ये लिहिलेलं असतं. एसी कसा आहे, फोटो कसे येतात, पनीर मऊ आहे का. ज्याला वाचता येत नाही त्याला इथे मानानं जेवता येईल का, हे कोण लिहिणार? मग माझी मावसबहीण दिव्या आणि मी स्वतःच फिरायला लागलो. पहिल्या ठिकाणी कार्डही नव्हतं, टेबलावर चौकोनी कोड चिकटवलेला. फोन धरा आणि वाचा. बाबांचा फोन बटणांचा. दुसऱ्या ठिकाणी जेवण बरं होतं, पण बिलाबरोबर वेटर म्हणाला, पाच स्टार द्या, गुलाबजाम आमच्याकडून. तेव्हा मला त्या शेकडो स्टारांचा उगम कळला. मी चार दिले आणि माझा गुलाबजाम गेला. दिव्यानं पाच देऊन स्वतःचा खाल्ला, वर मला म्हणाली, "चोखपणानं तोंड गोड होत नाही गं."

त्यानंतर मी फक्त वाईट रिव्ह्यू वाचायला लागले. हे आपल्या कामातून सुचलं. 'माल उत्तम' असं ग्राहकानं लिहिलं तर आपल्याला काहीच कळत नाही. 'डाव्या भोकाशी धार राहिलीय' असं लिहिलं, की तो पार्ट डोळ्यांसमोर उभा राहतो. तशी एक तक्रार पिंपळे गुरवच्या भिमाबाईंच्या खानावळीच्या रिव्ह्यूंमध्ये सापडली. कुणीतरी रागानं लिहिलं होतं, मेन्यू कार्डच नाही, मालकीणबाई टेबलाशी उभ्या राहून काय काय आहे ते तोंडी सांगतात, एकदम गावठी कारभार, एक स्टार. त्या माणसाला मी मनातून नमस्कार केला. त्याच्या रिव्ह्यूवर माझा पूर्ण विश्वास बसला. फक्त त्याला जे खुपलं, तेच मी शोधत होते. दुसऱ्या दिवशी दिव्याला ओढून तिथे नेलं. भिमाबाई आल्या, पदराला हात पुसत सगळं सांगितलं, शेवग्याची आमटी, भरलं वांगं, मेथी, ठेचा, भाकरी गरम मिळेल. आणि शेवटी म्हणाल्या, "सांगताय, का मीच वाढू?" त्या 'का मीच वाढू' ला मी मान हलवली आणि तिथेच ठरवलं, हेच. तुला लिंक पाठवली. तीन पूर्णांक काहीतरी स्टार. तू एका शब्दानं का म्हणून विचारलं नाहीस. नुसतं 'चालेल' लिहिलंस.

पुढचं तू पाहिलंच आहेस, पण माझ्या बाजूनं पाहिलं नाहीस. आबा दारातच कुरकुरले की एवढ्या बोळात गाडी कशी घालायची, आणि वर आज मटण न्हाई. तुझ्या आईंनी त्यांना, गुरुवार हाय, गप बसा म्हणून दटावलं, तेव्हा माझी आई पहिल्यांदा हसली. मी जरा सैल झाले. आणि तेवढ्यात भिमाबाईंच्या पुतण्यानं कार्डं आणली. नवी कोरी, चकचकीत. लोक ऑनलाइन नावं ठेवतात म्हणून त्याच आठवड्यात छापून घेतलेली. जी तक्रार वाचून मी इथे आले, तिनंच माझा घात केला होता. त्यानं रीतसर पहिलं कार्ड बाबांच्या हातात दिलं. बाबांचा दुसरा हात खिशाकडे गेला. आपण काही बोललो तर सगळ्यांना कळेल आणि नाही बोललो तरी कळेल, एवढंच मनात फिरत होतं.

तेव्हा तू हात पुढे करून सगळ्यांची कार्डं गोळा केलीस. आबांच्या हातातलंसुद्धा. आणि हाक मारलीस, "मावशी, हे राहू द्या. तुमच्या तोंडून ऐकायला आलोय आम्ही." भिमाबाई लगबगीनं बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं बाबा. त्यात काय काय छापलंय ते माझं मलाच ठावं न्हाई." सगळे हसले. बाबाही हसले. मग भिमाबाईंनी सांगितलं, बाबांनी ऐकून घेतलं, आणि यजमानासारखं तुझ्या आबांकडे वळून विचारलं, वांगं चालंल का पाव्हणं? आबांनी मग तीनदा भाकरी मागितली, मटणाचं नावही काढलं नाही. बाबांना असं ऐटीत कुणाला तरी वाढायला लावताना मी कधी पाहिलं नव्हतं.

तुला कसं कळलं, हे मी विचारणार नाही. मी नाकारलेल्या सगळ्या ठिकाणी वाचून मागवावं लागायचं आणि घेतलेल्या एका ठिकाणी नाही, एवढं तू जुळवलं असशील. तूही खालचे एक स्टारवाले रिव्ह्यू वाचले असशील. पण जे कळलं ते तू माझ्यापाशीही बोलून दाखवलं नाहीस, याचे आभार कसे मानायचे ते मला अजून सुचत नाही. आभार मानले तर हलके होतील असं वाटतं.

तरी हे सगळं लिहायचं तर एक अडचण होती. यातली निम्मी गोष्ट बाबांची आहे, ती त्यांना न विचारता तुला कशी सांगू? म्हणून आत्ता, पाकीट बंद करण्याआधी, हे पत्र त्यांना पहिल्यापासून वाचून दाखवलं. चष्म्याचं आलं तेव्हा ते खाली बघत होते. कार्डं गोळा केल्याचं आलं तेव्हा म्हणाले, ते पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. मग मला म्हणाले, "लिव त्याला. पुढच्या बारीला कार्ड असलेल्या हाटेलात जाऊ. म्या मागवीन कार्ड, त्यो वाचून दाखवंल." तू किती स्टार ते विचारलं होतंस. माझ्या घरचं उत्तर हे आहे, आणि माझंही हेच.

तुझीच,
मिनल